पोटाचे काम आणि चित्राचे काम

चित्र काढणाऱ्या माणसाला तीन कामे असतात. पहिले पोटाचे, दुसरे चित्राचे आणि तिसरे चित्र लोकांना दाखवून विकण्याचे. दिवस मात्र एकच. मग तिन्ही कामे साधावीत कशी?

चिंचणीच्या आसपास हा प्रश्न नवा नाही. कुणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळी करतो. कुणी भातशेती करतो. कुणी मजुरीला जातो आणि रात्री दिव्याखाली वारली चित्र काढतो.

आपल्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची गोष्ट पाहा. ते १९३४ साली जन्मले. लहानपणीच आई गेली. मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागला. मोठेपणी शेतावर मजुरी केली, पण चित्र सुटले नाही. पूर्वी लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत. चौक काढण्याला 'चौक लिहिणे' म्हणतात बरं का! जिव्या पुरुष असून रोज चित्र लिहू लागले. साहित्य घरचेच. तांदळाचे पीठ, पाणी, डिंक आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी.

१९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. त्यांनी कागद दिला, चित्रे मुंबई-दिल्लीला पोचवली. १९७६ साली जिव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

आता आपण विचार करू. दाखवण्याचे काम कुलकर्णींनी केले. असा माणूस प्रत्येकाच्या दारी येतो का? नाही. म्हणून ते काम थोडे आपणच शिकावे लागते.

त्याची सुरुवात सोपी आहे. चित्रामागे आपले नाव, गाव आणि तारीख लिहा. नाव नसले तर चित्र दुकानात जाते आणि काढणारा हरवतो. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे कलेच्या नावाला कायद्याचा आधार मिळाला. पण तुमचे नाव तुम्हीच लिहायला हवे.

एक वही ठेवा. कोणते चित्र, कोणाला, किती रुपयांना दिले, पैसे किती आले, किती बाकी, ते त्यात मांडा. तोंडी हिशेब सहा महिन्यांनी कुणाला आठवतो?

किंमत कशी ठरवावी? समजा, एका चित्राला चार दिवस गेले. मग चार दिवसांची मजुरी धरा. त्यात कापडाचा आणि रंगाचा खर्च मिळवा. त्याहून कमी घेतले, तर पदरचे घालून चित्र दिले असे होते.

काही जण म्हणतात, नोकरी सोडल्याशिवाय खरा चित्रकार होता येत नाही. आम्हाला हे पटत नाही. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, लाकडी खेळणीही केली. तरी ते मोठे चित्रकार झाले. शिवाय घरात भात असला म्हणजे व्यापाऱ्याला 'इतक्या कमी पैशांत देणार नाही' असे सांगता येते. चूल विझलेली असली की मागेल त्या भावाला चित्र जाते. मग एकसारखी शंभर चित्रे भराभर काढावी लागतात. हात चालतो, पण रेघेतला जीव जातो.

मात्र नोकरीलाही सारा दिवस देऊ नये. लावणी-कापणीत वेळ मिळत नाही, हे खरे. तेव्हा रोज थोडे तरी काढावे. कापणीनंतर हात मोकळा होतो, तेव्हा मोठे चित्र घ्यावे. पाळी करणाऱ्याने तासभर ठरवून ठेवावा आणि घरच्यांनी तो तास मोडू नये.

पोटाचे काम चित्राला उभे राहायला जागा देते. ती जागा रिकामी ठेवायची की तिथे चित्र लिहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.