सरवटे गेला, करुण गेला. मग विदर्भ बुडाला का नाही?

नागपूरच्या मनीषनगरातून वर्धा रोडला लागलं की त्याच रस्त्यावर पुढे जामठ्याचं स्टेडियम. त्यामुळे या भागात विदर्भाचा रणजी संघ हा घरचाच विषय. 2025 मध्ये करुण नायर कर्नाटकाकडे परतणार हे कळलं, तेव्हा टपरीवरचं निदान ठरलेलं होतं: "करुण गेला नं भाऊ, आता विदर्भाचं काही खरं नाही." जगात कुठेही मोठा खेळाडू संघ सोडतो तेव्हा हेच म्हटलं जातं. यात थोडं तथ्य असतं, बाकीचा भाग गैरसमजांचा.

गैरसमज: स्टारच्या धावा त्याच्याबरोबर जातात.

2024-25 च्या रणजी मोसमात करुणने 863 धावा केल्या. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात 86 आणि 135. पण तो गेला म्हणून विदर्भाच्या खात्यातून 863 वजा होत नाहीत. मधल्या फळीत त्याच्या जागी कोणीतरी येणारच, आणि तो काही प्रत्येक डावात शून्यावर बाद व्हायला येत नाही. समजा, त्याने 500 केल्या. तूट उरली 363 धावांची; नऊ सामन्यांच्या अठरा डावांत ती वाटली तर डावाला वीसेक धावा. वीस धावांनी सामने हातचे जातात, हे मान्य. पण संघ बुडायला त्याहून बरंच काही लागतं. शिवाय त्या मोसमात रणजीत सर्वाधिक धावा करणारा फलंदाज करुण नव्हताच. तो होता विदर्भाचाच यश राठोड, 960 धावा. बोलबाला मात्र करुणचा, कारण त्याच हंगामात विजय हजारे स्पर्धेत त्याने पाच शतकांसह 779 धावा कुटल्या होत्या. त्या स्पर्धेची अंतिम लढतही आठवून पाहा: करुण 27 वर बाद, आणि कर्नाटक 36 धावांनी विजयी. स्टार ऐन भरात असूनही करंडक गेला तो गेलाच.

गैरसमज: अशा खेळाडूला पर्याय नसतो.

आदित्य सरवटेचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2019 मध्ये जामठ्यावर सौराष्ट्रविरुद्धच्या रणजी फायनलमध्ये या डावखुऱ्या फिरकीपटूने 11 बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला त्याने पहिल्या डावात 1 वर आणि दुसऱ्या डावात शून्यावर घरी पाठवलं. असा गोलंदाज 2024-25 च्या मोसमाआधी केरळकडे गेला. मग विदर्भाच्या डावखुऱ्या फिरकीचा मुख्य भार हर्ष दुबेवर आला. हर्षने त्या एका मोसमात 69 बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. आधीचा 68 चा, बिहारच्या आशुतोष अमनच्या नावावर होता.

हर्ष काही आभाळातून पडला नव्हता. तो आधीपासून संघातच होता. पण एकाच धाटणीचे दोन गोलंदाज असले की षटकं वाटली जातात, आणि जुन्याजाणत्याच्या हाती चेंडू आधी जातो. सरवटे गेल्यावर खेळपट्टी फिरू लागली की कर्णधार अक्षय वाडकर पहिल्यांदा वळायचा तो हर्षकडे. पुढे फायनलला समोर केरळ, आणि केरळच्या संघात सरवटे! त्याने 79 धावा काढून विदर्भाला चांगलाच घाम फोडला. विदर्भ 379, केरळ 342. सामना अनिर्णित राहिला आणि 37 धावांच्या आघाडीवर करंडक नागपुरात राहिला.

यावरून स्टारला खुशाल जाऊ द्यावं, असा अर्थ कोणी काढू नये. रांगेत कोणी उभा नसेल तर काय होतं, ते अमेरिकन फुटबॉलमध्ये फार स्वच्छ दिसतं.

गैरसमज: स्टारचं मोल त्याच्या आकड्यांत मावतं.

त्या खेळात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो. रिसीव्हर अव्वल असला की प्रतिस्पर्धी त्याच्यावर दोन-दोन माणसं लावतात: एक अंगाला चिकटून, दुसरा मागे खोलवर. बचावातला एक माणूस असा अडकला की दुसऱ्या रिसीव्हरला मोकळं रान मिळतं आणि चेंडू घेऊन मधून धावणाऱ्यापुढची गर्दीही पातळ होते. स्टारने त्या खेळीत चेंडूला हातही लावलेला नसतो, म्हणून त्याच्या नावापुढे काही चढत नाही. फायदा मात्र झालेला असतो. तो संघ सोडतो तेव्हा मागचा तो बचावपटू पुढे सरकतो आणि बाकीच्यांचं काम एकदम अवघड होतं. काल चांगले वाटणारे खेळाडू आज साधे वाटायला लागतात, ते यामुळे.

मार्च 2022 मध्ये असे दोन मोठे रिसीव्हर काही दिवसांच्या अंतराने संघ बदलून गेले. ग्रीन बे पॅकर्सचा दावान्टे अ‍ॅडम्स लास व्हेगासला, कॅन्सस सिटी चीफ्सचा टायरिक हिल मायामीला. पॅकर्स आदल्या मोसमात 13 सामने जिंकून 4 हरले होते. पुढच्या मोसमात 8 जिंकले, 9 हरले. सगळं खापर अ‍ॅडम्सच्या जाण्यावर फोडता येत नाही, कारण क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स बराच काळ मोडलेल्या अंगठ्यानिशी खेळत होता. चीफ्सनी मात्र फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024, असे लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. त्यांच्याकडे पॅट्रिक माहोम्स हा क्वार्टरबॅक होता, चेंडू झेलायला ट्रॅव्हिस केल्सी होता, आणि एकावर विसंबण्याऐवजी चेंडू अनेकांत वाटणारी चाल त्यांनी बसवली. हिलच्या बदल्यात मायामीकडून नवोदित खेळाडू निवडण्याचे पाच हक्कही मिळाले. आपल्या रणजीत ही सोय नाही. खेळाडू ना हरकत प्रमाणपत्र घेऊन जातो, बदल्यात संघाला दुसरा खेळाडू मिळत नाही. म्हणून इथे खालच्या वयोगटांतून पोरं वर येत राहणं, हीच काय ती भरपाई.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे: एक गेला तर काय, दहा येतील.

आपल्याकडच्या फुटबॉलमधल्या मुंबई सिटी एफसीचं पाहा. जानेवारी 2024 मध्ये, ऐन मोसमात, त्यांचा स्टार ग्रेग स्टुअर्ट गेला. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम त्याआधीच इंग्लंडला परतले होते. तरी 4 मे 2024 रोजी कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून मुंबईने इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) करंडक उचलला. संघाचा कणा शाबूत होता. मग तो कणाच ढिला झाला. मधल्या फळीतला अपुइया मोहन बागानला, आघाडीचा पेरेरा डियाझ आणि बचावातला राहुल भेके बंगळूरूला. मार्च 2025 मध्ये त्याच बंगळूरूने बाद फेरीत मुंबईला 5-0 धुतलं. एक खांब काढला तर छत तगतं, चार काढले तर वाकतं. आणि कुठला खांब चौथा, हे आधी कोणी सांगू शकत नाही.

करुणनंतरच्या विदर्भाचं काय झालं? ऑक्टोबर 2025 मध्ये जामठ्यावर शेष भारताला 93 धावांनी हरवून इराणी करंडक. जानेवारी 2026 मध्ये पहिल्यांदाच विजय हजारे करंडक, अंतिम लढतीत अथर्व तायडेच्या 128 धावा. त्याआधी उपांत्य फेरीत करुणसकट कर्नाटकाला हरवलं, तेव्हा अमन मोखाडेने 138 ठोकल्या होत्या.

टपरीवरच्या हिशेबात एक गोष्ट मात्र हमखास सुटते. खेळाडू दुसऱ्या राज्यात गेला की आपण हळहळतो, भारत अ संघात गेला की पेढे वाटतो. विदर्भाच्या अकरा जणांतली जागा दोन्ही वेळा सारखीच रिकामी होते. 2025 मध्ये हर्ष दुबे भारत अ संघातून इंग्लंडला जाऊन आला. अशा बोलावण्यांच्या तारखा उद्या रणजीच्या सामन्यांवर आल्या, तर जामठ्यावर शेवटच्या दिवशी डावखुरी फिरकी कोण टाकणार, हे निवड समितीला आत्तापासूनच ठरवून ठेवावं लागेल.