दंतोपचारावेळी बालकांची भीती व वेदना : औषधाविना उपाय (संदर्भ : पांढुर्णा व सौसर)

सन 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा व सौसर हे तालुके येतात. 1956 पर्यंत हा भाग नागपूरसह एकाच राज्यात होता. सीमा बदलली, घरची मराठी मात्र टिकली. त्यामुळे येथील अनेक मुले घरी मराठी किंवा उर्दू-हिंदी बोलतात आणि दवाखान्यात त्यांच्याशी हिंदीतून बोलले जाते. बालकांच्या दंतोपचारात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही, कारण औषधाविना भीती घालविण्याच्या बहुतेक पद्धती शब्दांवरच आधारलेल्या आहेत.

भीतीचा उगम पुष्कळदा घरातच असतो. "ऐकलं नाहीस तर डॉक्टरला सुई टोचायला सांगीन" ही धमकी किती सहज दिली जाते! पुढे तेच मूल दाढदुखी लपविते आणि कीड मुळापर्यंत पोहोचते.

यावर एडलस्टन यांनी 1959 मध्ये मांडलेली 'सांगा-दाखवा-करा' ही पद्धती आजही प्रमाण मानली जाते. काय होणार ते मुलाच्या भाषेत सांगायचे, फिरणारा ब्रश प्रथम त्याच्या नखावर फिरवून दाखवायचा आणि लगेच दातावर तेच करायचे. मात्र "काहीच होणार नाही" असे खोटे आश्वासन देऊ नये. एकदा विश्वास उडाला की पुढची भेट अधिक कठीण जाते. हात वर केला की थांबायचे, अशी खूण ठरवावी व ती पाळावी. आपल्या हाती काही आहे, ही जाणीवच ताण उतरविते.

वेदनेचेही शास्त्र आहे. मेलझॅक व वॉल यांच्या 1965 च्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धांतानुसार स्पर्शाच्या संवेदना वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवू शकतात. सुई देताना दंतवैद्य गाल हलवितात, ते याचसाठी. लक्ष दुसरीकडे वळविल्याने मुलांना सुईची वेदना कमी जाणवते, असे संशोधनाच्या आढाव्यांतही आढळले आहे. गोष्ट, छतावरील चित्र, फुगा फुगविल्यासारखा लांब उच्छ्वास, एवढेही पुरते.

अर्थात हे उपाय बधिरीकरणाची जागा घेत नाहीत. दाढ काढायची असेल तर भूल द्यावीच लागते; गालावर सूज व ताप असल्यास समजावण्यात दिवस घालवू नयेत. लहान पोकळीसाठी मात्र टांझानियात 1980 च्या दशकात विकसित झालेली, केवळ हाती अवजारांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत आहे. तीत यंत्राची घरघर नसते आणि सुईही बहुधा लागत नाही.

कम्युनिटी कॉलेजातील अध्यापकांसमोर अंगणवाडीत काम करणाऱ्या किंवा लहान मुले असलेल्या विद्यार्थिनी असतील, तर आरसा व ब्रश घेऊन याचा सराव वर्गातच करून घेता येईल. पहिली भेट दुखण्यापूर्वीच व्हावी; त्या दिवशी फक्त वीस दुधाचे दात मोजावेत. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे येणारी दाढ कायमची असते, हेही पालकांना सांगावे. दुधाचीच समजून ती कित्येक घरांत किडू दिली जाते.