परमुलखातल्या बायका : घोडे बुडाले, फोटो तगले

मागच्या भागातली रिबेका बर्लंड १८३१ साली यॉर्कशर सोडून इलिनॉयला गेली, ती खंडाची शेती परवडेना म्हणून. एव्हलिन कॅमेरॉनच्या मागे असली कुठलीच विवंचना नव्हती. तिचा जन्म १८६८चा, लंडनच्या दक्षिणेला स्ट्रेटमजवळच्या फर्झडाउन नावाच्या ऐसपैस हवेलीतला. वडील बडे व्यापारी, दिमतीला नोकरचाकर. सावत्र भाऊ सिरिल फ्लॉवर पार्लमेंटात होता आणि पुढे लॉर्ड बॅटरसी झाला. असल्या घरातली ही मुलगी मोंटानाच्या माळावर गाईंची धार काढत, वासरांना डाग देत आणि कोबीबटाटे विकत म्हातारपणाकडे झुकली. आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, हे विशेष.

१८८९ साली ती नवऱ्याबरोबर मोंटानात आली ती मधुचंद्राला आणि शिकारीला. नवरा इवन कॅमेरॉन स्कॉटिश, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, पक्ष्यांच्या मागे वेडा झालेला. यलोस्टोन नदीकाठचा तो उजाड, चिरफाळलेला मुलूख दोघांनाही आवडला आणि टेरी गावाच्या आसपास त्यांनी बिऱ्हाड मांडलं.

पोटापाण्याचा बेत मोठा ऐटबाज होता : मोंटानात पोलोचे घोडे पैदा करायचे, आगगाडीनं आणि बोटीनं इंग्लंडला धाडायचे आणि तिथल्या शौकिनांना विकायचे. कागदावर हा हिशेब छानच दिसला असेल. प्रत्यक्षात काही घोडे वाटेतच मेले आणि पोचले त्यांना गिऱ्हाईक मिळेना. त्यातच १८९३ची मंदी आली. माहेरच्या ठेवीतून एव्हलिनला दर वर्षी थोडे पैसे येत, पण तेवढ्यावर रँच चालणार नव्हता. इवन ससाण्यांची घरटी बघत हिंडायचा आणि ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहायचा. लेख चांगले होते. चूल मात्र त्यावर पेटत नव्हती.

ती एव्हलिननं पेटती ठेवली. भाजीचा मळा केला आणि गुरं गोळा करायला माळावर उतरलेल्या काउबॉयांच्या स्वयंपाक्यांना भाजी विकली. हौशी इंग्रज तरुणांना घरी पैसे घेऊन ठेवून घेतलं. त्यांचा पाव भाजायचा, कपडे धुवायचे, शिवाय त्यांचे नखरे सोसायचे. यातल्याच एका पाहुण्यानं १८९४ साली तिला कॅमेरा चालवायला शिकवलं. बाकी पाहुण्यांपासून काय मिळालं कुणास ठाऊक, या एकाकडून धंदा मिळाला.

तिचे फोटो काचेच्या प्लेटांवरचे. जड, ठिसूळ काचा घोड्यावर लादून मैलोन् मैल जायचं, परतल्यावर घरची कामं उरकायची, मग अंधारात प्लेटा धुवायच्या. एका फोटोला २५ सेंट, डझनाला ३ डॉलर. गिऱ्हाईक कोण? मेंढपाळ, लोकर कातरणाऱ्या टोळ्या, लांडगे मारून इनाम मिळवणारे शिकारी आणि रशियातून आलेली जर्मन शेतकरी कुटुंबं. परदेशातून आलेल्यांना मायदेशी धाडायला स्वतःचं घर, स्वतःचे घोडे, स्वतःची माणसं दिसतील असा फोटो हवा असायचा. म्हणून नटूनथटून स्टुडिओत बसलेली माणसं तिच्या फोटोंत कमीच. ती आपापल्या दारात उभी असतात आणि मागे सगळा माळ पसरलेला असतो.

बायकांनी घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसायचं, ही तेव्हाची रीत. एव्हलिन दुभागलेला घागरा घालून पुरुषांसारखी मांड टाकून बसायची. त्या वेशात ती माइल्स सिटीत गेली तेव्हा तिला अटकेची तंबी मिळाली होती. हा किस्सा हल्ली फार सांगितला जातो, आणि दौडत्या घोड्यांचा हा भाग कुणालाही आवडेलच. पण तिच्या ३५ डायऱ्यांत खरी गर्दी आहे ती हवामान, धारा, धुणं, पाव आणि कुणाकडून किती येणं आहे याची. बंडखोर बाईपेक्षा ही हिशेबी बाई जास्त ओळखायला हवी.

१९१५ साली इवन कॅलिफोर्नियात कॅन्सरनं गेला. इंग्लंडला परतायची वाट मोकळी होती. ती टेरीलाच राहिली आणि एकटीनं रँच सांभाळला. त्या काळच्या कायद्यानं विवाहितेचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागोमाग जायचं. मोंटानातल्या बायकांना मताचा हक्क १९१४ सालीच मिळाला, पण ब्रिटिश माणसाची बायको असलेल्या एव्हलिनला त्याचा उपयोग नव्हता. विधवा झाल्यावर, १९१८ साली, ती अमेरिकेची नागरिक झाली. १९२८च्या डिसेंबरात ऑपरेशननंतर तिचा मृत्यू झाला.

काचा, फोटो आणि डायऱ्या एका मैत्रिणीच्या तळघरात अर्धशतक पडून होत्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉना लूसी ही लेखिका तिथवर पोचली आणि १९९० साली तिचं एव्हलिनवरचं पुस्तक आलं. आज टेरीच्या म्युझियमला जोडून एव्हलिनच्या फोटोंचं स्वतंत्र दालन आहे.

तिच्याकडून फोटो काढून घेणाऱ्यांत १९०९च्या कायद्यानं ३२० एकर सरकारी जमीन मिळेल म्हणून आलेलेही पुष्कळ होते. १९१७पासूनच्या दुष्काळानं त्यांतल्या अनेकांना गाशा गुंडाळायला लावला. त्या घरांतल्या बायकांविषयी पुढच्या आठवड्यात.