दारातली पिकअप : कंपनी बदलावी की तीच ठेवावी?

कुकर घ्यायचा झाला तर आपण किती चौकशा करतो! तळ जाड आहे का, रबर गावात मिळतं का, शेजारच्या वहिनींचा किती वर्षं टिकला, सारं विचारून मगच पिशवी उचलतो. आणि त्या कुकरच्या तीनशे-चारशेपट किमतीची मालाची गाडी दारात यायची असते तेव्हा? तेव्हा आपण चहा करून आत देतो आणि "ते बाहेरचे व्यवहार, पुरुष मंडळी बघून घेतील" म्हणून पोळ्यांना लागतो. हप्ता मात्र पुढची पाच वर्षं घरखर्चातूनच जातो, हे कुणी लक्षात घेत नाही.

ज्यांच्या घरी दुकान, मंडप, दूध, भाजीपाला किंवा फर्निचर असा काही धंदा आहे, त्या मैत्रिणींसाठी हा लेख. गाडी जुनी झाली की घराघरांत एकच वाद सुरू होतो. पूर्वीच्याच कंपनीची घ्यायची, की दुसरीची?

आमच्या घरातला वाद

आमचं वाईला सिमेंट आणि हार्डवेअरचं दुकान. मामंजींनी दुकान काढलं तेव्हापासून एकाच कंपनीची गाडी. "या कंपनीनं आपल्याला अन्न दिलंय" हे त्यांचं वाक्य ठरलेलं. पण शेवटची गाडी नऊ वर्षांची झाली, वर्षातून दोनदा मागचे पाटे तुटले, क्लचप्लेट दोनदा गेली, तेव्हा भावजींनी जाहीर केलं, "ही कंपनी आता बिघडली. यंदा दुसरी." आमचे हे दोघांच्या मधे. जेवणाच्या ताटावर रोज हाच विषय. त्यात भावजी एकदा सहज म्हणून गेले, "वहिनींची रिकरिंग आहे ना बँकेत? ती मोडली तर सुरुवातीची रक्कम सुटेल." ती रिकरिंग माझ्या शाळेच्या अर्धवेळ पगारातून मुलीच्या कॉलेजसाठी चाललेली. मग मात्र मी पोळपाट बाजूला ठेवलं आणि वही घेतली.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नावावर निर्णय घ्यायचाच नसतो, हेच तर सांगायचं आहे.

दोष कंपनीचा की आपला?

पहिला प्रश्न हाच विचारावा. ड्रायव्हरदादांकडून मी तीन महिने रोजच्या फेऱ्या लिहून घेतल्या. कुठे गेला, किती गोण्या, किती किलोमीटर, किती डिझेल. फेऱ्या भरल्या २१२. त्यांतल्या १५० गावातल्या, पंचवीस गोण्यांच्या आतल्या. उरलेल्या ६२ फेऱ्यांत तीस-पस्तीस गोण्या, आणि त्या बहुतेक पसरणी घाट चढून पाचगणीकडच्या.

आता साधं गणित. सिमेंटची गोणी ५० किलोची. आमच्या गाडीची क्षमता १,२५० किलो, म्हणजे पंचवीस गोण्या. पस्तीस गोण्या म्हणजे १,७५० किलो, वर घाट. पाटे तुटतील नाहीतर काय! दोन्ही वेळा ते घाटाच्या फेरीनंतरच तुटले होते. तोच भार दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच गाडीत टाकला असता, तर तिचेही तुटले असते. कंपनी बदलण्याआधी भरणं बदलायला हवं, हे वहीनं दाखवलं. वादातला निम्मा आवाज तिथेच उतरला.

जादा भाराचा आणखी एक धोका आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. जादा भाराला २०,००० रुपये दंड, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च वेगळा. एका चलनात महिन्याचा हप्ता पार होतो.

कामाप्रमाणे गाडी

आपल्याकडे मालाच्या लहान गाडीला सरसकट "टेम्पो" म्हणतात. हे खरं म्हणजे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. १९५८ मध्ये निघालेल्या बजाज टेम्पोमुळे ते घराघरांत रुजलं. ती कंपनी आता फोर्स मोटर्स झाली, पण शब्द राहिला. २००५ मध्ये टाटांची एस आली, तिला लोकांनी "छोटा हत्ती" केलं. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी आली. महिंद्रांच्या बोलेरो पिकअप तर बाजार समितीत रांगेनं उभ्या दिसतात. म्हणजे निवड भरपूर. म्हणूनच आपलं काम आधी ठरवावं.

फरसाण, बेकरी, मंडपाचे कापड, फोमच्या गाद्या असा फुगीर पण हलका माल असेल तर हौदाची लांबी-रुंदी बघा. सिमेंट, फरशी, लोखंड असेल तर क्षमता बघा. आणि कागदावरची क्षमता गोण्यांत, क्रेटमध्ये, कॅनमध्ये बदलून वहीत लिहा. "सव्वा टन" म्हटलं की कळत नाही. "पंचवीस गोण्या" म्हटलं की लगेच कळतं.

इंधनाचंही तसंच. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि सलग पळावी लागते. दिवसभर गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर तो तुंबतो आणि दिवा लागतो. अशा कामाला पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचा विचार करावा. मात्र सीएनजीचा पंप किती लांब आहे आणि रांग किती असते, हे आधी पाहून यावं.

मेकॅनिक कुठला, वर्कशॉप कुठे?

आमच्या कोपऱ्यावरचे मेकॅनिक जुन्या गाडीची नस अन् नस जाणतात. मामंजींचा मोठा मुद्दा हाच होता, की कंपनी तीच ठेवली तर हात ओळखीचा राहील. मी दुपारी जाऊन मेकॅनिककाकांनाच विचारलं. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "वहिनी, पाटे, ब्रेक, क्लच मी बघेन, कुठल्याही कंपनीचं. पण नव्या गाड्यांत सेन्सरचं काम असतं, त्याला कंपनीचं मशीन लागतं. ते माझ्याकडे नाही."

म्हणजे कंपनी तीच ठेवली तरी जुनी ओळख नव्या गाडीला पुरणार नव्हती. मग वर्कशॉप किती लांब, हा प्रश्न मोठा झाला. जुन्या कंपनीचं आम्हाला सगळ्यात जवळचं साताऱ्याला, पस्तीस किलोमीटर. भावजींच्या कंपनीचं गावाबाहेर चार किलोमीटरवर. मी वही काढली. गेल्या वर्षी गाडी एकोणीस दिवस उभी होती. त्या दिवसांत भाड्याची गाडी दिवसाला दोन हजारांनी आणली. अडतीस हजार रुपये! जुन्या कंपनीची नवी गाडी पस्तीस हजारांनी स्वस्त मिळत होती, आणि मामंजी त्यावर अडून होते. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून वही त्यांच्यापुढे ठेवली. उभी गाडी म्हणजे गळका नळ. थेंब दिसतात, बादली भरलेली दिसत नाही.

कंपनी टिकणार का, हेही विचारात घ्यावं. मोठ्या नावाची खात्री नसते. जनरल मोटर्सचा कारखाना आपल्या तळेगावात होता. त्यांनी २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून नुसती जाहिरात पाहू नये. आपल्या तालुक्यात त्या गाड्या किती फिरतात, सुटे भाग साध्या दुकानात मिळतात का, हे पाहावं. रस्त्यावर जी गाडी जास्त, तिचे भागही सहज मिळतात आणि विकतानाही किंमत येते.

हप्त्याचं गणित

गाडी साडेनऊ लाखांत दारात येणार होती. जुनीचे तीन लाख, दुकानातून दीड लाख, म्हणजे पाच लाखांचं कर्ज. एका एजंटनं सांगितलं, "दहा टक्केच व्याज, ताई. फ्लॅट." हा "फ्लॅट" शब्द नीट समजून घ्या. फ्लॅट दहा टक्के म्हणजे पाचही वर्षं पूर्ण पाच लाखांवर व्याज. हप्ता १२,५०० आणि एकूण व्याज अडीच लाख. बँकेचं दहा टक्के घटत्या शिलकीवर असतं. त्यात हप्ता साधारण १०,६२५ आणि एकूण व्याज एक लाख सदतीस हजारांच्या आसपास. दोन्हीकडे "दहा टक्के"च, पण फरक एक लाखाहून जास्त! खरं पाहिलं तर फ्लॅट दहा म्हणजे घटत्या शिलकीचे सव्वासतरा टक्के.

ॲव्हरेजचाही हिशेब मांडावा. वर्षाला २५,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १५ ऐवजी १८ किलोमीटर देत असेल, तर वर्षाला पावणेतीनशे लिटरच्या वर डिझेल वाचतं. लिटरला ९० रुपये धरले तर पंचवीस हजार रुपये. पण हा ॲव्हरेज माहितीपत्रकातला नको. तशीच गाडी, तसाच माल वाहणाऱ्या दोन-तीन ड्रायव्हरना विचारावं.

मालाच्या गाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन हातात असेल तर नवं मागून घ्या. दुकानाची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर मालाच्या गाडीवरचा हा कर वळताही करून मिळतो. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. आपल्या कर सल्लागाराला बिल कोणाच्या नावानं करायचं ते आधी विचारा.

सही करण्याआधी

बँकेत बऱ्याचदा घरच्या बाईची सही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून घेतात. "नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं म्हणतात. मैत्रिणींनो, ती नुसती सही नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर नोटीस आपल्यालाही येते. सही करू नका असं मी म्हणत नाही, मीही केली. पण वाचून करा, कोऱ्या फॉर्मवर करू नका, आणि एक प्रत आपल्या कपाटात ठेवा. ज्या कागदावर आपली सही आहे, त्या व्यवहारात आपल्याला दोन शब्द बोलण्याचा हक्कही आहे.

रिकरिंग मोडायची नाही, हे मी शांतपणे पण स्पष्ट सांगितलं. "मुलीच्या फीला तारीख असते, गाडीला नसते. गाडी दोन महिने उशिरा आली तर चालेल." यावर आमचे हे पहिल्यांदा ठामपणे बोलले, "बरोबर आहे तिचं." तो विषय तिथेच मिटला.

कागदपत्रांतल्या चार गोष्टी

● एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला वेगळं परमिट लागत नाही, त्यावरच्या गाडीला लागतं. हे वजन आरसी बुकात पाहावं.

● नव्या मालगाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी ते नवं करावं लागतं. जुनी गाडी ठेवण्याच्या खर्चात हेही धरा.

● विम्याचा नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो नव्या गाडीला लावून घेता येतो. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यावं.

● जुनी गाडी विकली की नाव बदललं का ते पाहिल्याशिवाय राहू नका. आरटीओत नाव आपलंच राहिलं तर अपघाताची भरपाई आपल्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. विक्रीची माहिती चौदा दिवसांत कळवायची असते. जुनं कर्ज असेल तर बँकेचा बोजाही उतरवून घ्यावा.

माणसांचं मन

आकडे जुळले तरी एक गोष्ट राहते, ती घरातल्या मोठ्यांचं मन. मामंजींना "तुमची कंपनी वाईट" असं कुणीही म्हणायचं नाही, हे मी भावजींना बजावलं. ट्रायलची गाडी आली तेव्हा सिमेंट भरून ती पसरणी घाटात न्यायची, हे मामंजींनीच सुचवलं. स्वतः केबिनमध्ये बसले. परत आल्यावर पहिलं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "जॅक कुठे ठेवलाय हिचा?" मी समजले, होकार आला.

ड्रायव्हरदादांनाही विचारायला विसरू नये. दिवसाचे दहा तास ते त्या सीटवर बसतात. पाठ धरली तर रजा पडते, आणि रजेचा खर्च आपलाच.

आम्ही कंपनी बदलली, पण चौतीस गोण्यांची, म्हणजे १,७०० किलो क्षमतेची गाडी घेतली. पस्तिसावी गोणी चढवायची नाही, हा नियम भावजींनीच हौदावर रंगवून घेतला. तुमच्या गावात जुन्या कंपनीचं वर्कशॉप शेजारी असेल, तर तुमचं उत्तर अगदी उलटं येईल आणि तेही बरोबरच असेल.

गाडी घ्यायला अजून वर्ष असेल तरी आजपासून एक शंभर पानी वही घाला. फेरी, भार, डिझेल, दुरुस्ती आणि गाडी उभी राहिली ते दिवस, एवढे पाचच रकाने. रोज रात्री दुधाच्या हिशेबाबरोबर पाच मिनिटं. तीन महिन्यांनी ती वही तुमच्या वतीनं बोलू लागेल.