सोनखत: खड्डा कधी उघडायचा आणि कोणी?

हिंगोलीकडे दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, शेजारच्या बागायतदाराच्या संडासाचा खड्डा भरलाय. ते म्हणतात, सरकारच सांगतंय हे चांगलं खत आहे, हळदीत टाकायचंय. उपसायला ह्यांना बोलावलंय, पाचशे रुपये देतो म्हणाले. जाऊ द्यावं का?"

मी तिला उलट विचारलं, "खड्डे किती आहेत त्यांचे?"

सगळी गोष्ट या प्रश्नात आहे. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात भांड्यातून निघालेला पाइप एका लहान चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन फाटे फुटतात. एका वेळी एकच फाटा चालू ठेवायचा. खड्ड्याच्या भिंतीला भोकं असतात, त्यातून पाणी जमिनीत मुरतं आणि मैला आत राहतो. घर पाच-सहा माणसांचं असेल तर खड्डा भरायला काही वर्षं लागतात. भरला की फाटा बदलायचा, भरलेला खड्डा झाकून दोन वर्षं हातही लावायचा नाही. आतले जिवाणू मैला कुजवतात. दोन वर्षांनी उघडलं तर काळपट, भुसभुशीत माती मिळते आणि तिला घाण वास येत नाही. हेच सोनखत. (नावात सोनं आहे, ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मैला वाहिला त्यांच्या वाट्याला काय आलं, ते आपल्याला माहीत आहे.)

दोन वर्षं कशाला? जंतांमुळे. पोट फुगलेली, हातपाय काडीसारखे झालेली मुलं मी दवाखान्यात खूप पाहिली. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात आणि त्यांचं कवच इतकं चिवट असतं की ओलसर मातीत ती महिनोन् महिने जिवंत राहतात. अंकुशकृमीचं आणखी वाईट. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. निंदायला-खुरपायला जाणाऱ्या आपल्या बाया आधीच रक्ताने कमी असतात, त्यात ही भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरम हवेत वर्षाहून जास्त आणि थंड हवेत दीड ते दोन वर्षं मैला साठवून ठेवावा लागतो. म्हणून दोन वर्षं धरायची, म्हणजे घोर नाही.

आता शेतकरी हे खत घेतात का? तमिळनाडूत वेल्लोरच्या शेतकऱ्यांना विचारलं, तेव्हा मानवी मूत्र खत म्हणून चालेल असं निम्म्याहून थोड्या जास्त जणांनी सांगितलं, कुजवलेल्या मैल्याला होकार निम्म्याहून थोडा कमी. बेंगळुरूच्या आसपास तर शेतकरी उपसा टँकरचा मैला शेतातल्या खड्ड्यात ओतून घेतात, वाळवतात आणि केळी-नारळाला घालतात. खताचं पोतं महागलं की किळस कमी होते, असा त्याचा साधा अर्थ. पण तो मैला पसरतो कोण? बहुतेक वेळा मजूर, उघड्या हातांनी. खत घ्यायला माणूस तयार होतो. हात मात्र दुसऱ्याचे हवे असतात.

२०१७ साली केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशा एका खड्ड्यात उतरले आणि त्यांनी स्वतः खत बाहेर काढलं. वर्तमानपत्रांत फोटो आले. चांगलंच केलं. मोठ्या साहेबाच्या हाताला काही झालं नाही, हे लोकांनी पाहिलं. आपल्या माणसांचा फोटो मात्र गटारात गुदमरून मेल्यावरच छापून येतो.

कायदाही त्या कुजण्यावरच बोट ठेवतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अस्वच्छ शौचालयातला किंवा त्याच्या खड्ड्यातला मैला पूर्ण कुजण्याआधी हाताने साफ करायला, वाहायला माणूस लावणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेफ्टी टँकमध्ये तर माणूस उतरवायचाच नाही. तिथे रोज ताजा मैला पडत राहतो, आत विषारी वायू साठतो, आणि तो गाळ दोन वर्षांनीही खत होत नाही. त्याला यंत्राची गाडी बोलवायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीला असं केंद्र २०१५ पासून आहे. तिथे गाळ वाळवून ओल्या कचऱ्याबरोबर कुजवतात आणि ते खत शेतकरी घेतात.

आपल्या घरी दोन खड्डे असतील आणि मुदत भरली असेल, तर हातमोजे आणि बूट घालून काढा. माती ओली किंवा वासाची लागली तर झाकण परत लावा. खत पेरणीआधी मातीत मिसळा. ज्वारी, कापूस, फळझाडांना चालेल. कोथिंबीर, मुळा, काकडी असं कच्चं खायच्या भाजीला नको. काम झालं की साबणाने हात धुवा. नवा खड्डा विहिरीपासून, बोअरपासून निदान दहा मीटर लांब घ्या.

बहिणीने चौकशी केली. खड्डा एकच निघाला, आणि कालपर्यंत वापरात होता. मी म्हटलं, "पाचशेच काय, पाच हजार दिले तरी नाही. त्यांना दुसरा खड्डा खोदायला सांग, मातीचं काम आहे, रोजाने करता येतं." आठवड्याने मेहुण्यांचाच फोन आला. बागायतदार आधी रागावले, मग तयार झाले. नवा खड्डा मेहुण्यांनी आणि आणखी एकाने पूर्ण मजुरीवर खोदला. जुन्याच्या झाकणावर त्यांनी रंगाने तारीख लिहिली आहे आणि बागायतदारांना सांगून ठेवलंय, दोन वर्षांनी हळदीला खत लागलं तर फावडं तुमचं तुम्ही घ्या.