आफ्रिकाना अभ्यास

आफ्रिका खंडातील लोक आणि गुलामगिरी, व्यापार वा स्थलांतर यांमुळे त्या खंडातून जगभर विखुरलेले त्यांचे वंशज, यांच्या इतिहासाचा व संस्कृतीचा एकत्रित अभ्यास करणारी विद्यापीठीय ज्ञानशाखा. कृष्णवर्णीय अभ्यास, आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास या नावांनीही ती ओळखली जाते. ‘आफ्रिकाना’ ही संज्ञा रूढ होण्यास कॉर्नेल विद्यापीठात १९६९ मध्ये स्थापन झालेले केंद्र बरेचसे कारणीभूत झाले. इतिहास, मानवशास्त्र, भाषाशास्त्र, साहित्य, संगीत इ. विषयांच्या अभ्यासपद्धती ही शाखा वापरते. तथापि ज्यांना स्वतःची लिखित साधने मागे ठेवू दिली गेली नाहीत, त्यांचा इतिहास कोणत्या पुराव्यावर लिहावयाचा, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून १८६६ पर्यंत सु. १ कोटी २५ लाख आफ्रिकी लोकांना अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढविण्यात आले, त्यांपैकी सु. १ कोटी ७ लाख जिवंत उतरले. बहुसंख्य ब्राझील व कॅरिबियन बेटांत गेले. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट नेलेल्यांची संख्या सु. ४ लाखच भरते. हे अंदाज मुख्यत्वे जहाजांच्या सफरींच्या नोंदींवरून काढलेले आहेत. या नोंदींत माणसे बहुधा संख्येने येतात, नावाने क्वचितच.

अभ्यासाचा पाया अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्वानांनी घातला. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारा (१८९५) पहिला कृष्णवर्णीय, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस (१८६८–१९६३), ह्याने अटलांटा विद्यापीठात सामाजिक पाहण्यांची मालिका चालविली. कार्टर वुडसन (१८७५–१९५०) ह्याने १९१५ मध्ये शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी एक संस्था व पुढल्याच वर्षी नियतकालिक सुरू केले. विल्यम लिओ हॅन्सबेरी (१८९४–१९६५) वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९२२ पासून प्राचीन आफ्रिकी संस्कृती शिकवीत असे. पुरेशा पुराव्याशिवाय तो शिकवितो, असा आक्षेप त्याच्याच सहकाऱ्यांपैकी काहींनी घेतला. त्याला डॉक्टरेट कधीच मिळाली नाही. मात्र १९६३ मध्ये नायजेरियातील न्सुका येथील विद्यापीठाने आपल्या आफ्रिकी अभ्यासाच्या संस्थेला त्याचे नाव दिले.

या शाखेतील सर्वांत फलदायी वाद १९४० च्या सुमारास झाला. गुलामगिरीने आफ्रिकी कुटुंबपद्धती व परंपरा पुरत्या मोडून टाकल्या, असे समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँक्लिन फ्रेझिअर (१८९४–१९६२) ह्याचे मत होते. उलट धर्म, नृत्य, लोककथा, सामाजिक रीती यांत आफ्रिकी अवशेष टिकून आहेत, असे मानवशास्त्रज्ञ मेल्व्हिल हर्सकोव्हिट्स (१८९५–१९६३) ह्याने १९४१ च्या ग्रंथात मांडले. फ्रेझिअर कृष्णवर्णीय, तर हर्सकोव्हिट्स श्वेतवर्णीय होता. ही विभागणी आज वाचकाला उलटी वाटेल. परंतु कृष्णवर्णीयांचे वेगळेपण ठासून सांगितल्यास वंशभेदाच्या समर्थकांनाच बळ मिळेल, ही फ्रेझिअरच्या बाजूची भीती त्या काळी अनाठायी नव्हती.

या वादात भाषाशास्त्रज्ञ लोरेंझो डाउ टर्नर ह्याने दिलेला पुरावा प्रस्तुत लेखकास सर्वांत भक्कम वाटतो. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया यांच्या किनाऱ्यावरील गल्ला बोली ही अशुद्ध इंग्रजी होय, असे तोवर समजले जाई. टर्नरने १९३० नंतर तेथे ध्वनिमुद्रणे केली, लंडनला जाऊन पश्चिम आफ्रिकेतील भाषांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये आफ्रिकी मूळ असलेले हजारो शब्द प्रसिद्ध केले. त्यांत घरात वापरावयाच्या व्यक्तिनामांचा भरणा मोठा आहे. परक्यांना इंग्रजी नाव सांगणारे लोक आपापसांत दुसऱ्याच नावाने हाक मारीत; तेव्हा ही नावे आधीच्या अभ्यासकांच्या कानी पडली नाहीत, यात नवल नाही. जॉर्जियातील एका स्त्रीने त्याला लहानसे गीत म्हणून दाखविले. त्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. सिएरा लिओनच्या एका विद्यार्थ्याने त्यातील मेंडे भाषा ओळखली. १९९० मध्ये संशोधकांना सिएरा लिओनमधील एका खेड्यात तशाच शब्दांचे गीत येणारी स्त्री आढळली. तेथे ते अंत्यविधीशी निगडित होते.

महाविद्यालयांतील स्वतंत्र विभाग मात्र आंदोलनातून निर्माण झाले. सॅन फ्रॅन्सिस्को स्टेट महाविद्यालयात ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप मार्च १९६९ पर्यंत चालला. त्याअखेर कृष्णवर्णीय अभ्यासाचा विभाग मान्य झाला. परंतु त्याची आखणी करणारा समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर तेथे टिकू शकला नाही. येल व हार्वर्ड यांनीही १९६९ मध्येच हा विषय स्वीकारला आणि थोड्याच वर्षांत शेकडो महाविद्यालयांत तो शिकविला जाऊ लागला. घाईने उघडलेले कित्येक विभाग पुढे बंदही पडले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात १९८८ मध्ये डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचा प्रवर्तक मोलेफी असांटे ह्याने आफ्रिकाकेंद्री दृष्टीचा पुरस्कार केला. तिच्यात प्राचीन ईजिप्तला दिलेले स्थान विवाद्य ठरले. विषयावरील राजकीय वादही शमलेला नाही : शालेय विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन पातळीवर आखलेला असा अभ्यासक्रम फ्लॉरिडा राज्याने जानेवारी २०२३ मध्ये नाकारला.

या शाखेचे लक्ष दीर्घकाळ अटलांटिकवरच खिळलेले होते. हिंदी महासागरातून पूर्वेकडे आलेल्या आफ्रिकी लोकांकडे ते वळविण्यात जोसेफ हॅरिस ह्याच्या १९७१ च्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. मलिक अंबर (मृत्यू १६२६) हा इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला. जंजिऱ्याच्या सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. अमेरिकेतील गुलामगिरीवरून बनविलेली चौकट या उदाहरणांना पुरी पडत नाही. भारतात दिल्ली विद्यापीठात १९५५ मध्ये व मुंबई विद्यापीठात १९७१ मध्ये आफ्रिकी अभ्यासाची सोय झाली. त्यांचा भर स्वाभाविकपणेच स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांचे राजकारण व अर्थकारण यांवर राहिला. सिद्दींच्या इतिहासाची साधने फार्सी, पोर्तुगीज व इंग्रजी यांबरोबरच मराठी कागदपत्रांतही आहेत आणि ती वाचण्यासाठी मोडी लिपी यावी लागते.