सायकल आणि सायकलस्वार – लेखांक सातवा : पादत्राणाची निवड

सीटची उंची आणि हँडलाचे अंतर यांचा विचार मागील दोन लेखांकांत झाल्यानंतर मनुष्यदेह आणि सायकल यांच्यातील जो तिसरा संबंध उरतो, तो पावलाचा होय. आणि तिन्हींत अधिक महत्त्वाचा असूनही सर्वांत कमी विचाराने ज्याचा निकाल लावला जातो, तोही माझ्या मते हाच. मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांनी निर्माण केलेले सारे बळ ज्या एका जागेतून यंत्रात उतरते, ती जागा म्हणजे चवड्याखालची एक अरुंद पट्टी. मिनिटाला ८० फेरे अशा मध्यम गतीने पायडल मारणाऱ्याचे प्रत्येक पाऊल तासाभरात ४,८०० वेळा दाबले जाते. आणि पुण्यातील हौशी सायकलस्वार हल्ली ज्या २०० किलोमीटरांच्या दूरपल्ल्याच्या फेऱ्या साडेतेरा तासांच्या मुदतीत पुऱ्या करतात, त्यांपैकी दहा तास प्रत्यक्ष पायडल मारण्यात गेले असे धरले, तरी हा आकडा ४८,००० वर जातो. बुटाच्या आतील एखादी शिवण करंगळीला किंचितशी लागत असेल, तर ती तितक्या वेळा लागणार आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे बूट घेताना घाई का करू नये याचा निराळा खुलासा करण्याचे कारण उरत नाही.

सायकलींचे शहर असा पुण्याचा लौकिक ज्या काळात देशभर होता, त्या काळात सकाळी खडकीच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार, डेक्कनवरून आपापल्या कॉलेजांकडे वळणारे विद्यार्थी आणि धोतराला चाप लावून वेळेवर कचेरी गाठणारे कारकून, यांपैकी कोणालाही सायकलीसाठी निराळे पादत्राण असावे असे वाटले नाही, आणि न वाटण्यास सबळ कारण होते. त्या काळ्या, उंच, भक्कम सायकलीचे पायडल म्हणजे रबराचे दोन जाड ठोकळे. त्यांवर पाऊल हवे तसे ठेवता येई, थकले तर मागेपुढे सरकवता येई. आणि अंतर बहुधा एका पेठेतून दुसऱ्या पेठेपर्यंतचे असे. अशा वाहनाला कोल्हापुरी चप्पल किंवा कॅनव्हासचा साधा बूट पुरेसा होता. आजही जो गृहस्थ कोथरूडहून लक्ष्मी रस्त्यापर्यंत सायकलने जातो, त्याला पुढील विवेचनातील पुष्कळशा गोष्टींची गरज नाही. त्याने टाच उंच नसलेला, तळ घसरट नसलेला आणि फारसा मऊ नसलेला बूट घालावा, उजव्या पायाची नाडी साखळीत सापडणार नाही अशी आत खोचावी आणि निश्चिंत असावे.

परंतु याच शहरात सायकलीचा दुसराही एक संप्रदाय आता चांगला रुजला आहे. बोरघाट चढून येणारी मुंबई–पुणे शर्यत आणि तीत घाट प्रथम चढणाऱ्यास मिळणारा ‘घाटांचा राजा’ हा किताब यांचे कौतुक पुणेकरांना जुनेच आहे; जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर ही चारशे किलोमीटरांहून अधिक लांबीची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पुष्कळ तरुणांच्या मनात चांगल्या सायकलीची आणि तिच्याबरोबर चांगल्या बुटांचीही इच्छा जागी झाली असणार. रविवारी पहाटे सिंहगड, कात्रज, बोपदेव किंवा दिवे घाट गाठणाऱ्या या मंडळींच्या सायकलींचे पायडल लहान, धातूचे आणि अरुंद असते. त्यावर मऊ तळाच्या, धावण्यासाठी केलेल्या बुटाने जोर दिला, म्हणजे बुटाचा तळ पायडलाभोवती वाकतो आणि पातळ सतरंजीखालचा खडा जसा रात्रभर पाठीला लागत राहतो, तसे ते पायडल तळव्याला लागत राहते. सायकलीच्या बुटाचा तळ नायलॉनचा अथवा कार्बनचा, कठीण आणि जवळजवळ न वाकणारा का करतात, याचे उत्तर येथे आहे: पायडलाचा दाब त्याने एका रेषेवर न राहता साऱ्या चवड्यावर पसरतो आणि पायाच्या कमानीला तळ सावरण्याचे व्यर्थ श्रम पडत नाहीत. चढावर जेथे फेरे मंदावतात आणि प्रत्येक दाबाचा जोर वाढतो, तेथे हा फरक विशेष जाणवतो. तथापि सर्वांत कठीण तळ तोच सर्वांत उत्तम, असे मात्र मी म्हणणार नाही. शर्यतीत न उतरणाऱ्यास नायलॉनचा मध्यम कठीण तळ पुरतो. कार्बनच्या तळासाठी मोजलेली जादा रक्कम बुटाच्या योग्य मापावर खर्च झाली असती, तर पावलाला तिचा अधिक उपयोग झाला असता.

आता मापाकडे वळू, कारण या लेखांकाचा मुख्य विषय तोच आहे. आपल्याकडे बुटाचे माप म्हणजे त्याचा नंबर, आणि नंबर म्हणजे केवळ लांबी, असा समज दृढ झाला आहे. दुकानात आपण सात नंबर, आठ नंबर असे जे मागतो, ते इंग्रजी परिमाण असून त्यातील दर पायरी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरांची असते. सायकलीचे बूट बहुशः युरोपीय परिमाणाने विकले जातात आणि तेथील पायरी सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाएवढी, म्हणजे पावणेसात मिलिमीटरांहून किंचित कमी असते. या दोन पायऱ्या एकमेकींशी नेमक्या जुळणे शक्य नसल्यामुळे प्रत्येक उत्पादकाचा तक्ता आपापल्या सोयीचा असतो, आणि एका कंपनीचा ४२ नंबर दुसरीच्या ४३ नंबराएवढा निघाला तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. म्हणून नंबर विसरून मिलिमीटरांतील लांबी ध्यानात ठेवावी, ही पहिली शिफारस.

परंतु लांबीपेक्षाही आपल्या लोकांना नडते ती रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ च्या डिसेंबरापासून २०२२ च्या मार्चपर्यंत देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली, आणि भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पावलांपेक्षा सरासरीने अधिक रुंद असल्याचा निष्कर्ष काढला. त्यावरूनच ‘भा’ नावाचे स्वदेशी परिमाण अमलात आणावे अशी तजवीज पुढे आली. या पाहणीतून दिसलेली दुसरी गोष्ट सायकलस्वाराने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे: अरुंद बूट बोटांशी आवळतो म्हणून आपले लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात. चालताना हा उपाय कसाबसा निभावतो. सायकलीवर तो निभावत नाही. बूट लांब घेतला की त्याचा सर्वांत रुंद भाग आपल्या चवड्याच्या पुढे सरकतो, टाच आत हलू लागते आणि ती हलू नये म्हणून बंद इतका आवळावा लागतो की पावलाच्या वरची शीर दबते. सायकलीचे बूट ज्या साच्यांवर ओढून शिवतात ते साचे तर नेहमीच्या बुटांच्या साच्यांहूनही बहुधा निमुळते असतात. चप्पल घालून मोकळ्या बोटांनी वाढलेले आपले पाऊल अशा बुटात मावत नसेल तर तो कसूर पावलाचा मानू नये. काही उत्पादक त्याच लांबीत अधिक रुंद बूट काढतात. विक्रेता ते मागणी केल्याशिवाय सहसा पुढे करीत नाही, म्हणून मागणी करावी.

बूट आवळला असता जो त्रास होतो त्याचे स्वरूप पुष्कळांना ठाऊक असते, कारण ठाऊक नसते. चवड्यात पाच लांब हाडांची टोके शेजारी शेजारी असून त्यांच्या मधून बोटांकडे बारीक मज्जातंतू जातात. पाऊल दोन्ही बाजूंनी चेपले आणि खालून पायडलाचा दाब आला की हे तंतू हाडांच्या मध्ये चिमटले जातात. प्रथम बोटांना मुंग्या येतात, मग चवड्याची आग होऊ लागते आणि अखेर तिसरे-चौथे बोट आहे की नाही हेही कळेनासे होते. उन्हाळ्यात पाऊल फुगते, तेव्हा सकाळी बरा वाटलेला बूट अकरा वाजता असह्य होतो. अशा वेळी पुष्कळ स्वार मोजा जाड घालतात, आणि त्यामुळे उरलीसुरली जागाही जाते. बंद सैल करावा, उतरून चार पावले चालावे. आणि हा प्रकार वारंवार होत असेल तर बूट बदलावा, पाऊल सरावेल या आशेवर राहू नये. कातडे थोडेबहुत सैलावते हे खरे. हल्लीचे कृत्रिम वस्त्र आणि कार्बनचा तळ सैलावत नाहीत.

खरेदीची रीत येणेप्रमाणे असावी. दुकानात सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल तोवर पूर्ण पसरलेले असते. सायकलीवर वापरावयाचे पातळ मोजे बरोबर न्यावेत. तत्पूर्वी घरी कागदावर उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, दोन्ही पावलांची बाह्यरेषा दुसऱ्याकडून काढून घ्यावी. बसून काढलेली रेषा आखूड आणि अरुंद येते. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्याहून थोडे मोठे असते, आणि बूट त्या मोठ्या पावलाच्या मापाने घ्यावयाचा असतो. दुकानात बूट पायात चढवण्यापूर्वी त्याच्या आतला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवावा व त्यावर उभे राहावे: करंगळीची किंवा अंगठ्याच्या मुळाची बाजू त्याच्या काठाबाहेर सांडत असेल, तर तो बूट विक्रेत्याने कितीही वाखाणला तरी बाजूस ठेवावा. ही परीक्षा मला सर्वांत भरवशाची वाटते. त्यात तो उतरला तर मग बूट घालून बंद नेहमीसारखा आवळावा, आणि चवडा एखाद्या पायरीच्या काठावर टेकून शरीराचा भार त्यावर द्यावा. बोटे पुढे टेकता कामा नयेत, ती मोकळी हलली पाहिजेत, आणि टाच वर उचलली जाता कामा नये. धावण्याच्या बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडतात. येथे पाऊल पुढे फारसे घसरत नसल्याने त्याच्या निम्मी जागा पुरते. एवढे झाल्यावरही पंधरा मिनिटे बूट पायातच ठेवून बसावे. बंद नाडीचा असो, चिकटपट्टीचा असो वा चकती फिरवून आवळण्याचा असो, चालत्या सायकलीवरून एका हाताने तो सैल करता येतो की नाही, एवढेच त्याबाबत पाहावे.

राहिला प्रश्न क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला बसवून पायडलात अडकवण्याच्या तुकड्याचा. पूर्वी शर्यतीतील स्वार पायडलाला पिंजरा व चामडी पट्टा लावून पाऊल बांधीत. १९८४ साली फ्रान्समधील लूक कंपनीने बुटाच्या तळाला बसवलेली क्लीट आपोआप अडकेल आणि टाच बाहेर वळवताच सुटेल असे पायडल आणले, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने त्यावर फ्रान्सची फेरी जिंकल्याने त्याचा बोलबाला झाला. त्यानंतर १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरवाटांसाठी धातूची लहान क्लीट काढली. ती दोन स्क्रूंनी बसते आणि बुटाच्या रबरी तळात आत दडलेली राहते. तीन स्क्रूंची मोठी प्लॅस्टिकची क्लीट पायडलावर रुंद आधार देते, परंतु तिच्यावर चालणे कष्टाचे आणि फरशीवर धोक्याचे असते, शिवाय दगडांवर घासून ती लवकर झिजते. सिंहगडाचा रस्ता चढून गेल्यावर सायकल वाहनतळावर लावून पुणे दरवाजाच्या पायऱ्या चढणाऱ्या, पिठलं-भाकरीसाठी चुलीपर्यंत चालत जाणाऱ्या, वाटेत देवळापाशी थांबणाऱ्या आपल्या स्वाराला दोन स्क्रूंची क्लीटच सोयीची, असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यतीत भाग घेणाऱ्यांनी यास अपवाद व्हावे. क्लीट बसवताना अंगठ्याच्या मुळाचे हाड आणि करंगळीच्या मुळाचे हाड बाहेरून चाचपून त्यांच्या खुणा बुटावर कराव्यात आणि पायडलाचा आस त्या दोहोंच्या दरम्यान येईल असे पाहावे. चवड्याची आग होत असल्यास क्लीट टाचेकडे किंचित सरकवल्याने बहुधा उतार पडतो. पाऊल चालताना ज्या कोनात पडते त्याच कोनात ते पायडलावरही राहू द्यावे, कारण त्याला बळेच सरळ केल्यास त्याची तक्रार गुडघा करतो. वर्दळीत जाण्यापूर्वी भिंतीला धरून पाय अडकवण्याची आणि सोडवण्याची सवय करणे अगत्याचे आहे.

पावसाळ्याबद्दल दोनच शब्द. ताम्हिणीकडून भिजून आलेला बूट उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. आतला तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा, बोळे ओले होताच बदलावेत आणि क्लीटच्या स्क्रूंना ग्रीस लावावे, नाहीतर ते गंजून बसतात.

पुण्यातील विक्रेत्यांस माझी विनंती आहे की त्यांनी दुकानात पावलाची रुंदी मोजण्याचे साधन ठेवावे आणि रुंद साच्याचे निदान काही जोड शिलकेत असू द्यावेत. वाचकांस सांगणे एवढेच की ज्या दुकानात आतला तळ काढून पाहण्यास हरकत घेतली जाईल, तेथे बूट विकत घेऊ नये.